मामा कोण? नात्यांच्या शब्दांतून मानवशास्त्राची ओळख

१/
मराठी लग्नात अंतरपाट धरला गेला की भटजींची हाक ठरलेली असते : मुलीच्या मामाने मुलीला घेऊन यावे. मांडवात वडील असतात, काका असतात, थोरला भाऊही असतो. तरी वधूला बोहल्यावर आणण्याचा मान मामाचा. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचे ते आत्याने. ही कामे नेमकी याच माणसांकडे का आली? आणि इंग्रजीत मामा, काका, मावशीचा नवरा या सर्वांना एकच 'अंकल' पुरतो, तर मराठीला इतके वेगवेगळे शब्द का लागतात? हे प्रश्न घरगुती वाटतात. परंतु सांस्कृतिक मानवशास्त्र नावाची ज्ञानशाखा अशाच प्रश्नांतून उभी राहिली.

२/
माणसाच्या शरीराचा अभ्यास करणारे मानवशास्त्र निराळे. सांस्कृतिक मानवशास्त्राचा विषय आहे माणसांनी एकत्र राहण्यासाठी घडवलेले नियम : कोणी कोणाशी लग्न करावे, जमीन कोणाकडे जावी, मूल कोणाचे मानावे, कोणापुढे मान झुकवावी आणि कोणाची थट्टा करावी. या सर्व नियमांची किल्ली बहुतेक समाजांत एकाच ठिकाणी सापडते, ती म्हणजे नात्यांत. म्हणून आप्तसंबंधांचा अभ्यास हा या शास्त्राचा सर्वांत जुना आणि सर्वांत वादग्रस्त भाग ठरला. आजचा धागा त्याच दोरीने पुढे जातो.

३/
प्रथम 'अंकल' या शब्दाचाच उगम पाहण्याजोगा आहे. हा शब्द लॅटिनमधील 'अवुंकुलस'वरून आला आणि त्याचा मूळ अर्थ होता आईचा भाऊ, म्हणजे मामा. काकासाठी लॅटिनमध्ये 'पात्रुउस' हा स्वतंत्र शब्द होता. आत्या म्हणजे 'अमिता', मावशी म्हणजे 'मातेर्तेरा'. 'आंट' हा शब्द त्या 'अमिता'पासून निघाला. म्हणजे रोमन माणसाकडे मराठी माणसासारखेच चार शब्द होते. जुन्या इंग्रजीतही मामा आणि काका यांना वेगळी नावे होती. पुढे हा भेद इंग्रजीतून पुसला गेला. तेव्हा 'अंकल' ही जगाची स्वाभाविक रीत नसून युरोपच्या एका कोपऱ्यात, एका काळात झालेला बदल आहे.

४/
ही गोष्ट पद्धतशीरपणे प्रथम ज्याच्या लक्षात आली तो विद्यापीठातील प्राध्यापक नव्हता. ल्युइस हेन्री मॉर्गन (१८१८–१८८१) हा न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहराचा वकील. १८४४ मध्ये ऑल्बनीच्या एका पुस्तकांच्या दुकानात त्याची गाठ एली पार्कर या सेनेका तरुणाशी पडली. सेनेका हे इरोक्वॉय संघातील एक राष्ट्र. त्यांच्या जमिनीवर एका जमीन-कंपनीने डोळा ठेवला होता आणि १८३८ च्या फसव्या कराराने त्यांची वस्तीच उठण्याची वेळ आली होती. पार्कर आपल्या माणसांच्या शिष्टमंडळासोबत दुभाषा म्हणून ऑल्बनीत आला होता.

५/
मॉर्गनने सेनेकांच्या बाजूने अर्ज-विनंत्यांत मदत केली. सेनेकांनी त्याला आपल्या कुळात दत्तक घेतले. पार्करने त्याला भाषा, चालीरीती आणि कुळांची रचना समजावून दिली. १८५१ मध्ये मॉर्गनने इरोक्वॉय संघावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो पार्करलाच अर्पण केला. टोनावांडा सेनेकांनी १८५७ च्या कराराने आपली काही जमीन परत विकत घेऊन राखली. पार्कर पुढे जनरल ग्रँटचा लष्करी सचिव झाला आणि १८६५ मध्ये ॲपोमॅटॉक्स येथील शरणागतीच्या अटी त्याच्या हस्ताक्षरात लिहिल्या गेल्या. मानवशास्त्राच्या इतिहासात 'माहिती देणारा' म्हणून उल्लेखली जाणारी माणसे किती मोठी असू शकतात, याचे हे उदाहरण.

६/
सेनेका मूल आईच्या कुळाचे. प्रमुखपदही आईच्या कुळातच फिरते आणि प्रमुखाची निवड त्या कुळातील ज्येष्ठ स्त्रिया करतात. त्यांच्या नात्यांच्या शब्दांनी मॉर्गन चक्रावला. सेनेका मूल वडिलांच्या भावालाही 'वडील' म्हणते आणि आईच्या बहिणीलाही 'आई'. त्यांची मुले सख्ख्या भावंडांच्याच शब्दाने ओळखली जातात. आईचा भाऊ आणि वडिलांची बहीण यांना मात्र स्वतंत्र शब्द आहेत आणि त्यांची मुले भावंडे मानली जात नाहीत. काका-मावशीची मुले एका बाजूला, मामा-आत्याची मुले दुसऱ्या बाजूला, असा हा विभाग.

७/
१८५८ मध्ये मिशिगनमध्ये ओजिब्वा लोकांकडून मॉर्गनने नात्यांचे शब्द टिपले. भाषा पूर्ण वेगळी, पण मांडणी तीच. मग त्याने एक लांबलचक प्रश्नावली छापली आणि स्मिथसोनियन संस्था, अमेरिकी परराष्ट्र खाते व मिशनरी यांच्यामार्फत ती जगभर पाठवली. दक्षिण भारतातील एका अमेरिकन मिशनऱ्याकडून तमिळ आणि तेलुगू शब्द आले. तमिळमध्ये वडिलांचा मोठा भाऊ 'पेरियप्पा' म्हणजे थोरला बाप, धाकटा 'चित्तप्पा'. मावशी 'पेरियम्मा' किंवा 'चित्ती'. मामा मात्र 'मामा'. सेनेका आणि तमिळ यांची मांडणी एका साच्यातील निघाली.

८/
या कामाची किंमत मॉर्गनने घरी मोजली. १८६२ च्या उन्हाळ्यात तो मिसुरी नदीच्या खोऱ्यात नात्यांचे शब्द गोळा करत फिरत असताना रॉचेस्टरमध्ये त्याच्या दोन्ही मुली स्कार्लेट तापाने दगावल्या. १८७१ मध्ये मानवजातीच्या नातेव्यवस्थांवरील त्याचा प्रचंड ग्रंथ स्मिथसोनियनने प्रसिद्ध केला. त्यातील कोष्टकांत जगाच्या अनेक भाषांबरोबर हिंदी, बंगाली, गुजराती आणि मराठीही आहे. नात्यांचे शब्द ही भाषेची किरकोळ सजावट नसून समाजाची रचना आहे, हे या ग्रंथाने प्रथमच एवढ्या पुराव्यानिशी मांडले.

९/
याच मॉर्गनने पुढे मात्र एक घातक पाऊल टाकले. काकाला 'बाप' म्हणतात, त्याअर्थी एके काळी खरा बाप कोण हे कळतच नसावे. म्हणजे तेव्हा विवाहच नसावा, असे अनुमान त्याने काढले. नात्याचे शब्द त्याला जीवाश्मांसारखे वाटले. १८७७ च्या ग्रंथात त्याने मानवजातीला वन्य, रानटी आणि सुसंस्कृत अशा पायऱ्यांवर बसवले आणि सर्वांत वरची पायरी आपल्या समाजाला दिली. मार्क्सने या ग्रंथाची टिपणे काढली; एंगल्सने १८८४ मध्ये त्यावर कुटुंबाच्या उत्पत्तीविषयीचे पुस्तक उभारले. पायऱ्यांची ही कल्पना अशा रीतीने फार दूरवर पोहोचली.

१०/
अनुमानात चूक कुठे होती? तमिळ मुलाला आपला जन्मदाता कोण हे पक्के ठाऊक असते. तरी तो काकाला थोरला बाप म्हणतो. 'बाप' या शब्दाने तो जन्माची गोष्ट सांगतच नाही. त्या माणसाशी कसे वागायचे, त्याच्या मुलीशी लग्न होऊ शकत नाही, त्याचे सुतक पाळायचे, असा हक्क-कर्तव्यांचा गठ्ठा तो त्या शब्दात बांधतो. मॉर्गनने शब्द त्यांचे घेतले आणि अर्थ आपला भरला. पुढील शंभर वर्षांतील मानवशास्त्राचा बराचसा इतिहास म्हणजे ही चूक पुन्हापुन्हा ओळखण्याचा आणि दुरुस्त करण्याचा इतिहास आहे.

११/
पहिली मोठी दुरुस्ती पद्धतीची होती. १८९८ मध्ये केंब्रिजची एक मोहीम ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधील टोरेस सामुद्रधुनीतील बेटांवर गेली. तिच्यात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हा डॉक्टर होता. 'तुमच्याकडे मामाला काय म्हणतात?' असे अमूर्त प्रश्न विचारण्याऐवजी त्याने मेर बेटावरील लोकांकडून प्रत्यक्ष वंशावळी लिहून घेतल्या : हा कोणाचा मुलगा, त्याची बायको कोणत्या गावची, तिला तो काय म्हणतो. खऱ्या माणसांच्या नावांवरून नियम शोधण्याची ही वंशावळ-पद्धती आजही क्षेत्राभ्यासाच्या पहिल्या धड्यांत शिकवली जाते.

१२/
रिव्हर्स १९०१–०२ मध्ये निलगिरीत आला आणि १९०६ मध्ये त्याचा तोडा लोकांवरील ग्रंथ निघाला. तोडा समाजात एका स्त्रीचे लग्न एका पुरुषाशी झाले की ती त्याच्या भावांचीही पत्नी होई. मग मुलाचा बाप कोण? यासाठी तोडांकडे निःसंदिग्ध उत्तर होते. गरोदरपणाच्या सातव्या महिन्याच्या सुमारास एक पुरुष त्या स्त्रीला विधिपूर्वक लहानसे धनुष्यबाण देई, तोच बाप. पुढची मुलेही त्याचीच, जोवर दुसरा कोणी तो विधी करत नाही तोवर. मधल्या काळात तो मरण पावला असला तरीही. येथे बाप विधीने ठरतो आणि त्याविषयी कोणाच्या मनात गोंधळ नसतो.

१३/
नातेसंबंधांचा सर्वांत गाजलेला क्षेत्राभ्यास मात्र ट्रोब्रियांड बेटांवरचा. पोलंडमध्ये जन्मलेला ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की १९१५ ते १९१८ या काळात, मध्ये खंड पडून, न्यू गिनीच्या पूर्वेकडील या बेटांवर तंबू ठोकून राहिला. त्याने भाषा शिकून घेतली आणि रोजचे जगणे जवळून पाहिले. ट्रोब्रियांड समाज मातृवंशीय : मूल आईच्या कुळाचे आणि पुरुषाचा वारस त्याचा मुलगा नव्हे, तर भाचा. पुरुष आपल्या मळ्यातील उत्तम कंद स्वतःच्या घरी नेत नाही. ते बहिणीच्या घरी पोहोचवतो. मुलाला लाडाने वाढवणारा बाप असतो. त्याला शिस्त आणि वारसा देणारा मामा.

१४/
या व्यवस्थेतील ताण एका खऱ्या प्रसंगात उघड झाला. ओमाराकाना गावचा प्रमुख तोउलुवा याचा आपल्या मुलावर, नामवाना गुयाऊवर, फार जीव होता. नियमाने मुलगा या गावचा नव्हता; गाव बापाच्या कुळाचे, म्हणजे भाच्यांचे. बापाच्या प्रेमामुळे तो तिथे राहत होता. मिताकाता नावाच्या भाच्याचे आपल्या बायकोशी संबंध असल्याचा आरोप करून मुलाने त्याला गोऱ्या दंडाधिकाऱ्याकडून तुरुंगात टाकवले. त्या रात्री मिताकाताचा थोरला भाऊ भर गावात उभा राहिला आणि मोठ्याने बोलून त्याने नामवाना गुयाऊला गाव सोडण्यास बजावले.

१५/
पहाट होण्यापूर्वी मुलगा गाव सोडून आईच्या गावी गेला. प्रमुख असूनही तोउलुवा त्याला थांबवू शकला नाही, कारण भाच्यांचा हक्क खरा होता आणि मुलाचे राहणे ही निव्वळ मेहेरबानी होती. मालिनोव्स्की लिहितो की प्रमुख तीन दिवस घराबाहेर पडला नाही आणि बाहेर आला तेव्हा दुःखाने खचून म्हातारा दिसत होता. मातृवंशीय समाजात बापाला मुलाची माया नसते, असे मानणाऱ्यांना हा प्रसंग उत्तर देतो. माया होतीच. हक्क मात्र दुसऱ्या दिशेने वाहत होता आणि त्या दोन प्रवाहांत एक घर मोडले.

१६/
मातृवंश म्हणजे स्त्रियांचे राज्य, असा घोटाळा येथे अनेकदा होतो. वंश आईकडून मोजला तरी प्रमुखपद ट्रोब्रियांडमध्ये पुरुषांकडेच होते. ते बापाकडून मुलाकडे न जाता मामाकडून भाच्याकडे जाई. तथापि मालिनोव्स्कीच्याही नजरेतून काही सुटले. १९७०च्या दशकात ॲनेट वायनर ही संशोधिका त्याच बेटांवर गेली. मृत्यूनंतरच्या विधींत स्त्रिया केळीच्या पानांपासून बनवलेल्या जुड्या मोठ्या प्रमाणात वाटतात, ही खरी संपत्ती आहे आणि तिच्यावर कुळाची प्रतिष्ठा अवलंबून असते, हे तिने १९७६ च्या ग्रंथात दाखवले. मालिनोव्स्कीने पुरुषांच्या देवघेवीवर लक्ष दिले होते. ही बाजू त्याला महत्त्वाची वाटली नव्हती.

१७/
मामाचे महत्त्व फक्त मातृवंशीय समाजातच असते का? १९२४ मध्ये रॅडक्लिफ-ब्राउनने दक्षिण आफ्रिकेतील मामाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. मोझांबिकमधील थोंगा समाज पितृवंशीय. तरी तिथे भाचा मामाच्या घरात शिरून त्याचे जेवण फस्त करू शकतो, पूजेतील मामाचा वाटा पळवू शकतो आणि मामा रागावत नाही. काही आफ्रिकी भाषांत मामाच्या शब्दाचा अर्थच 'पुरुष आई' असा होतो. जिथे बाप धाकाचा, तिथे आईच्या बाजूचा पुरुष मायेचा. जिथे मामा धाकाचा, तिथे बाप मायेचा. 'मामाच्या गावाला' जाण्यात मराठी मुलाला जो आनंद वाटतो, त्याची मुळे याच रचनेत शोधता येतात.

१८/
आता भारताकडे. केरळातील नायर समाजात घर म्हणजे 'तरवाड' : एका पूर्वज-स्त्रीपासूनचे भाऊ, बहिणी आणि बहिणींची मुले. कारभार ज्येष्ठ पुरुषाकडे, म्हणजे 'कारणवर'कडे. लहानपणी मुलीचा ताळी बांधण्याचा विधी होई. मोठेपणी 'संबंधम्' होई. यात पुरुष पत्नीच्या घरी रात्री येई आणि सकाळी आपल्या बहिणींच्या घरी परते. ब्रिटिश न्यायालयांना यात विवाहच दिसेना. ज्यात नवरा-बायको एका घरात राहत नाहीत आणि बापाची संपत्ती मुलांना मिळत नाही, त्याला कायद्याने विवाह कसे म्हणावे, हा त्यांचा प्रश्न.

१९/
१८९१ मध्ये मलबार विवाह आयोग नेमला गेला. 'इंदुलेखा' या मल्याळम कादंबरीचे लेखक ओ. चंदु मेनन त्याचे सदस्य होते. संबंधम् हा विवाहच आहे, असे म्हणत त्यांनी आयोगाच्या मताहून वेगळे मत नोंदवले. १८९६ च्या कायद्याने नोंदणी केलेले संबंधम् विवाह म्हणून मान्य झाले. पण फार थोड्यांनी नोंदणी केली. १९३३ च्या मद्रास कायद्याने तरवाडाची वाटणी करण्याचा मार्ग खुला केला आणि १९७५ च्या केरळ कायद्याने एकत्र कुटुंबपद्धतीच संपवली. यामागे नायर तरुणांच्या स्वतःच्या मागण्याही होत्या. परंतु वादाची भाषा ठरवली ती परक्या व्याख्येने. १९५९ मध्ये कॅथलीन गॉफ यांनी नायरांचेच उदाहरण घेऊन विवाहाची व्याख्या नव्याने मांडण्याचा प्रयत्न केला.

२०/
महाराष्ट्राचा दुवा येतो तो इरावती कर्वे यांच्यापाशी. १९०५ मध्ये ब्रह्मदेशात जन्मलेल्या, तिथल्या नदीचे नाव लाभलेल्या इरावतीबाईंनी बर्लिनमध्ये डॉक्टरेट मिळवली आणि १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन-संशोधन केले. १९५३ मध्ये भारतातील आप्तसंबंधांच्या रचनेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग पाडून, भाषांतील नात्यांचे शब्द, प्राचीन ग्रंथ आणि प्रत्यक्ष प्रवासात गोळा केलेली माहिती यांची त्यांनी सांगड घातली. मराठी वाचकांना 'युगान्त'मुळे परिचित असलेल्या या लेखिकेचा हा पायाभूत शास्त्रीय ग्रंथ.

२१/
त्यांच्या मांडणीचा गाभा साधा होता. उत्तरेत मुलगी अनोळखी घरात, दूरच्या गावी दिली जाते. माहेर आणि सासर ही दोन वेगळी जगे होतात, घुंघटही त्याच सीमेवर येतो. दक्षिणेत आते-मामे भावंडांत, काही समाजांत तर मामा-भाचीतही लग्न होते. वधू ओळखीच्याच घरात जाते आणि सासू बहुधा नात्यातलीच असते. एकाच देशात 'सून' या शब्दाचे दोन अर्थ झाले. स्त्रीच्या आयुष्याचा पोत कोणत्या नियमाने बदलतो, हे नात्यांच्या कोष्टकांतून वाचता येते, हे इरावतीबाईंनी दाखवून दिले.

२२/
महाराष्ट्र या दोन पद्धतींच्या सीमेवर आहे आणि त्याचा पुरावा मराठी घरांत बोलला जात असे. जुन्या पद्धतीने सून सासऱ्याला 'मामंजी' आणि सासूला 'आत्याबाई' म्हणे. पुरुषाने मामाच्या मुलीशी लग्न केले, तर त्या मुलीची सासू ही तिची सख्खी आत्याच होते आणि सासरा म्हणजे आत्याचे यजमान, ज्यांना अनेक मराठी घरांत मामा म्हणतात. मराठी समाजातील अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न चाले. आत्याच्या मुलीशी मात्र अनेक ठिकाणी टाळले जाई. सासूशी रक्ताचे काही नाते नसलेल्या सुनाही 'आत्याबाई' म्हणत राहिल्या. प्रथा एका घरातून गेली तरी शब्द राहतो.

२३/
येथे मॉर्गनची चूक पुन्हा होऊ शकते, म्हणून सावधपणा हवा. 'आत्याबाई' या शब्दावरून सर्व मराठी माणसे एके काळी मामाच्या मुलीशीच लग्न करीत होती, असे सिद्ध होत नाही. शब्द शेजारच्या भाषेतून येऊ शकतो, आदरापोटी पसरू शकतो. इरावतीबाई शब्दाबरोबर प्रत्यक्ष विवाहांची माहितीही गोळा करीत, ती याच कारणाने. कायद्यालाही हे वैविध्य मान्य करावे लागले : १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने बहीण-भावाच्या मुलांमधील विवाह निषिद्ध नात्यांत घातला, पण दोन्ही पक्षांची रूढी परवानगी देत असेल तर तो चालतो, असा अपवाद ठेवला.

२४/
नात्याच्या व्याख्येवर काय अवलंबून असू शकते, हे रिव्हर्सच्या मेर बेटाने पुढे जगाला दाखवले. एडी कोइकी माबो यांचा जन्म तिथे १९३६ मध्ये झाला. आई लवकरच वारली आणि बेटाच्या रीतीनुसार बेनी माबो या मामाने त्यांना दत्तक घेतले. मेरवर मूल नात्यात देणे ही सर्वमान्य पद्धत आहे. त्यासाठी कागद लागत नाही. मोठेपणी, ज्या जमिनीला आपण आपली समजतो ती कायद्याने सरकारची मानली जाते, हे माबो यांना कळले. १९८२ मध्ये त्यांनी इतर बेटवासीयांसह क्वीन्सलँड राज्याविरुद्ध दावा दाखल केला.

२५/
या खटल्यात १८९८ च्या मोहिमेचे अहवाल पुरावा म्हणून तपासले गेले. मामा हा खरोखर बाप झाला होता का, हा प्रश्न साक्षीदारांच्या पिंजऱ्यात आला. १९९० मध्ये तथ्ये तपासणाऱ्या न्यायमूर्तींनी माबो यांचा वैयक्तिक वारसा मान्य केला नाही. मात्र ३ जून १९९२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या उच्चतम न्यायालयाने ६ विरुद्ध १ मतांनी मेरवासीयांचा जमिनीवरील हक्क मान्य केला. ही भूमी युरोपीय आले तेव्हा कोणाच्याही मालकीची नव्हती, ही जुनी समजूत त्यामुळे मोडली. हा दिवस माबोंना दिसला नाही. त्याच वर्षी जानेवारीत त्यांचे निधन झाले होते. २०२० मध्ये क्वीन्सलँडने बेटवासीयांच्या दत्तक-प्रथेला कायद्याने मान्यता दिली.

२६/
मानवशास्त्राने स्वतःलाही हाच प्रश्न विचारला. डेव्हिड श्नायडर या अमेरिकन अभ्यासकाने तरुणपणी प्रशांत महासागरातील याप बेटावर काम केले आणि तिथल्या एका संबंधाचे भाषांतर 'बाप-मुलगा' असे केले. १९८४ च्या ग्रंथात त्याने आपलेच भाषांतर खोडून काढले. त्या संबंधाचा आधार जन्म नसून जमीन आणि तिच्यासाठी केलेले श्रम हा होता; मुलाने कर्तव्य सोडले तर नातेही सुटे. रक्ताचे नाते सर्वत्र सर्वांत घट्ट असते, हे गृहीतक युरोप-अमेरिकेचे आहे आणि ते अभ्यासकांनी जगावर लादले, असा त्याचा आक्षेप होता. सर्वांना तो पटला नाही. परंतु त्यानंतर 'नाते म्हणजे काय?' हे गृहीत धरून लिहिणे कठीण झाले.

२७/
मॉर्गनपासून श्नायडरपर्यंतच्या या वाटेवर पुरावा वाढत गेला, तसा निष्कर्ष अधिक सावध होत गेला. प्रत्येक समाजात मूल जन्मते, पण जन्मातून कोणते हक्क निघतात हे प्रत्येक समाज आपल्या रीतीने ठरवतो. ती रीत समजून न घेता न्याय केला, तर चंदु मेनन यांच्यासारख्याला आपल्या समाजात विवाह असतो हेच सिद्ध करत बसावे लागते आणि माबोंसारख्याला आपला बाप कोण हे न्यायालयात पटवून द्यावे लागते. या शास्त्रात उतरू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला पहिला स्वाध्याय घरातच करता येतो : आजीला बसवून चार पिढ्यांची वंशावळ लिहून घ्यावी आणि प्रत्येक नावापुढे दोन प्रश्न विचारावेत. त्यांना काय म्हणत? आणि तसे म्हटल्यामुळे काय करावे लागे?